जुन्या सी-डेल्फी लायब्ररीतून सीरियल पोर्ट चालवणं: सी शार्प आणि पायथनसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

पोर्ट उघडतो, फंक्शन ‘यशस्वी’ असं सांगतं आणि हाती मात्र कचरा येतो, किंवा काहीच येत नाही. मग बॉड रेट (तारेवरून बिट जाण्याचा वेग) बदलून बघ, केबल बदल, ड्रायव्हर पुन्हा टाक असं सुरू होतं. जुनी डीएलएल (विंडोजवरची तयार फंक्शनांची फाइल) नव्या भाषेतून वापरताना दोष बहुतेक वेळा तारेत नसतोच. तो दोन भाषांच्या शिवेवर असतो: आकड्याची रुंदी, स्ट्रिंगचा शेवट, स्टॅक (आर्ग्युमेंट ठेवायची मेमरीतली जागा) कोण आवरतो, असल्या ठिकाणी. म्हणून इथला क्रम मुद्दाम असा आहे की यंत्र जोडायची वेळ अगदी शेवटी येते.

उदाहरणं विंडोजवरची आहेत. जुनी बाजू सी, डेल्फी किंवा व्हीबी६ची (व्हिज्युअल बेसिक ६), नवी बाजू सी शार्पची. पायथनमध्ये जिथे वेगळं वागावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

## १. लायब्ररी खरंच हवी आहे का?

डीएलएलमधल्या फंक्शनांची यादी समोर ठेवा. त्यात फक्त उघड, वाच, लिही, बंद कर आणि बॉड रेट ठरव एवढंच असेल तर ती सोडून द्या. सी शार्पमध्ये सीरियलपोर्ट हा क्लास आहे, पायथनमध्ये पायसीरियल आहे. जुनी डीएलएल जोडण्यात जाणारा वेळ त्यापेक्षा नक्कीच जास्त असतो.

यंत्राची भाषाच डीएलएलच्या पोटात असेल, म्हणजे आज्ञांचे बाइट, पॅकेटची रचना, चेकसम (बाइट बरोबर पोचले का ते तपासायचा आकडा), आणि तिचं कुठे लेखी वर्णन नसेल, तर मात्र ती ठेवण्यात अर्थ आहे. कधीकधी मधला मार्ग निघतो. फक्त चेकसम काढणारं फंक्शन अनाकलनीय असतं, बाकी सगळं कागदावर असतं. अशा वेळी पोर्ट नव्या भाषेतून हाताळा आणि डीएलएलकडून तेवढं एकच फंक्शन घ्या.

सावधान: डॉसच्या काळातला कोड थेट हार्डवेअरच्या पत्त्यावर लिहितो. कॉम१ साठी तो पत्ता ३एफ८ आणि इंटरप्ट ४, कॉम२ साठी २एफ८ आणि इंटरप्ट ३. एनटी घराण्यातलं विंडोज साध्या प्रोग्रॅमला हे करू देत नाही आणि यूएसबी कन्व्हर्टरला असा पत्ताच नसतो. अशी लायब्ररी जोडायच्या भानगडीत पडू नका. तिच्यातला तर्क वाचा आणि नव्याने लिहा.

## २. हाताशी काय हवं

- हेडर फाइल, म्हणजे डीएलएलमधल्या फंक्शनांच्या घोषणा असलेली फाइल. ती नसेल तर जुन्या व्हीबी६ प्रोग्रॅममधल्या ‘डिक्लेअर’च्या ओळी. त्यांत प्रकार आणि क्रम दोन्ही स्पष्ट असतात आणि व्हीबी६ला स्टडकॉलच (फंक्शन बोलावण्याची एक ठरलेली पद्धत, टप्पा ४) चालायचा, त्यामुळे एक प्रश्न आपोआप सुटतो.
- चालू स्थितीतला जुना प्रोग्रॅम. यंत्राशी त्याची एक पूर्ण देवाणघेवाण सीरियल मॉनिटरने बाइटवार नोंदवून ठेवा. पुढे खरं-खोटं याच नोंदीवर ठरणार आहे.
- व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणारं डंपबिन, डीएलएलच्या आत काय आहे ते दाखवणारं साधन.
- नऊ पिनांचा एक कनेक्टर, ज्यात पिन २ आणि ३ एकमेकींना जोडलेल्या आहेत. हा लूपबॅक प्लग: पाठवलेलं तेच परत येतं. हार्डवेअर फ्लो कंट्रोल (वेगळ्या तारांवरून ‘थांब’ किंवा ‘पाठव’ सांगणं) असेल तर ७ आणि ८ सुद्धा जोडा.
- प्लग बनवता येत नसेल तर कॉम०कॉमसारखी आभासी पोर्टांची जोडी. लिनक्सवर हेच काम सोकॅट करतं.

## ३. ३२ बिट की ६४ बिट

एका प्रोसेसमध्ये दोन्ही राहत नाहीत. ६४ बिटांच्या प्रोसेसला ३२ बिटांची डीएलएल लोड करता येत नाही. त्यात पळवाट नाही. डंपबिनला हेडर दाखवायला सांगा. मशीनच्या ओळीत १४सी असेल तर ३२ बिट, ८६६४ असेल तर ६४ बिट.

डीएलएल ३२ बिटांची निघाली, आणि जुनी असेल तर तशीच निघणार, तर दोन रस्ते आहेत:

१. सी शार्प प्रकल्पाचा प्लॅटफॉर्म एक्स८६ करा. ‘एनी सीपीयू’ ठेवू नका. पायथनमध्ये ३२ बिटांचा इंटरप्रिटर वेगळा बसवा.
२. मुख्य प्रोग्रॅम ६४ बिटांचाच ठेवणं भाग असेल तर डीएलएल लोड करणारा एक छोटा ३२ बिटांचा मदतनीस प्रोग्रॅम लिहा आणि त्याच्याशी नेम्ड पाइप किंवा स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून बोला. एक विनंती, एक उत्तर, बस्स. डीएलएल कोसळली तरी मदतनीसच मरतो, मुख्य प्रोग्रॅम उभा राहतो. जुन्या लायब्ररीचा भरवसा नसेल तर पहिला रस्ता मोकळा असतानाही हाच घ्यावा.

एरर १९३ किंवा ‘बॅड इमेज फॉरमॅट’ आली की बिटांची गल्लत समजा. एरर १२६ आणि ‘मॉड्यूल सापडत नाही’ हे वेगळं दुखणं आहे. डीएलएल डोळ्यांसमोर पडलेली असते, तरी येतं, कारण तिला लागणारी दुसरी डीएलएल, बहुधा जुना सी रनटाइम, त्या मशीनवर नसते. डंपबिनच्या ‘डिपेंडंट्स’ पर्यायाने ती यादी मिळते.

ओसीएक्स (व्हीबी६च्या काळातलं तयार कंट्रोल) असेल तर: एमएसकॉम३२सारखी कंट्रोल्स विंडोजमध्ये नोंदवावी लागतात, आणि इथे नावांनी फसायला होतं. ६४ बिटांच्या विंडोजवर सिस्टम३२ फोल्डरमधलं रेगएसव्हीआर३२ (नोंदणी करणारं साधन) हे ६४ बिटांचं असतं आणि ३२ बिटांचं असतं ते सिसवॉव६४ मध्ये. ओसीएक्ससाठी हे दुसरं वापरा. शिवाय एमएसकॉमला डिझाइन-टाइम परवाना लागतो. कोडमधून ऐनवेळी ते तयार करायला गेलात तर परवाना नसलेल्या मशीनवर नकार मिळतो. आणि त्याला एसटीए थ्रेड (कंट्रोलचे सगळे कॉल एकाच थ्रेडवर ठेवणारा) आणि चालू मेसेज लूप (विंडोजचे संदेश वाचत राहणारं चक्र) लागतो, म्हणून कन्सोल प्रोग्रॅममध्ये त्याचे इव्हेंट येतच नाहीत.

## ४. नाव आणि कॉलिंग कन्व्हेन्शन

कॉलिंग कन्व्हेन्शन म्हणजे आर्ग्युमेंट कशी द्यायची आणि नंतर स्टॅक कोणी आवरायचा याचा करार. डंपबिनने निर्यात केलेल्या फंक्शनांची यादी काढा आणि नाव जसंच्या तसं घ्या, लहान-मोठ्या अक्षरांसह.

- सुरुवातीला अंडरस्कोर, शेवटी ‘ॲट’चं चिन्ह आणि आकडा: स्टडकॉल. आकडा म्हणजे आर्ग्युमेंटचे एकूण बाइट. ८ असेल तर चार-चार बाइटांची दोन आर्ग्युमेंट. तुमच्या घोषणेत तीन असतील तर घोषणा चुकली.
- प्रश्नचिन्हाने सुरू होणारं लांबलचक नाव: सी++चं. क्लासमधलं फंक्शन असेल तर थेट बोलावण्याचा हट्ट सोडा, मध्ये साध्या सी फंक्शनांचा थर लिहा.
- साधं, उघडं नाव: काहीही असू शकतं.

उघड्या नावासाठी अंदाज बांधत बसू नका. डंपबिनचा डिसअसेम्ब्ली पर्याय लावा आणि फंक्शनच्या शेवटची ‘रेट’ सूचना पाहा. पुढे आकडा असेल तर स्टॅक फंक्शनच आवरतं, म्हणजे स्टडकॉल. नुसतं ‘रेट’ असेल आणि फंक्शन आर्ग्युमेंट घेत असेल, तर सीच्या डीएलएलमध्ये ते सीडेक्ल असतं, म्हणजे स्टॅक बोलावणारा आवरतो.

डेल्फीत मात्र नुसत्या ‘रेट’वर विसंबू नका. डेल्फीचं मूळ कन्व्हेन्शन ‘रजिस्टर’ आहे. पहिली तीन आर्ग्युमेंट रजिस्टरमधून जातात आणि तेवढीच असतील तर शेवटी ‘रेट’पुढे आकडा नसतोच. सी शार्पच्या डीएलएलइम्पोर्टला किंवा पायथनच्या सीटाइप्सला (डीएलएल बोलावायच्या तिथल्या सोयी) असं फंक्शन बोलावता येत नाही. त्यासाठी डेल्फी किंवा फ्री पास्कलमध्ये स्टडकॉल फंक्शनांची छोटी डीएलएल लिहून मध्ये घालावी लागते.

डीएलएलइम्पोर्टमध्ये काही लिहिलं नाही तर विंडोजवर स्टडकॉल धरलं जातं. पायथनमध्ये विनडीएलएल म्हणजे स्टडकॉल, सीडीएलएल म्हणजे सीडेक्ल. हे चुकलं तरी पहिले काही कॉल नीट चालल्यासारखे दिसतात, स्टॅक हळूहळू सरकतो आणि प्रोग्रॅम भलत्याच ओळीवर कोसळतो. ६४ बिटांत एकच कन्व्हेन्शन असल्याने हा प्रश्न उरत नाही.

## ५. प्रकार जुळवणं

इथे वेळ घालवा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि कंपायलर एकही दाखवत नाही.

पूर्णांक. व्हीबी६चा इंटिजर १६ बिटांचा, लाँग ३२ बिटांचा. सी शार्पमध्ये ते अनुक्रमे शॉर्ट आणि इंट होतात. जुन्या घोषणेतलं ‘लाँग’ तसंच उचलून सी शार्पमध्ये ‘लाँग’ लिहिलं की ते ६४ बिटांचं होतं आणि पुढची सगळी आर्ग्युमेंट चार बाइट सरकतात. विंडोजवर सीचा लाँगही ३२ बिटांचाच आहे, ६४ बिटांच्या प्रोग्रॅममध्येसुद्धा.

बूलियन. विंडोजचा बूल ४ बाइटांचा, सी++चा १ बाइटचा, व्हीबीचा २ बाइटांचा आणि त्यात ‘खरं’ म्हणजे उणे १. सी शार्प ४ बाइट धरतं. डीएलएल सी++चा बूल परत करत असेल तर ती फक्त खालचा एक बाइट भरते, वरच्या तिन्हींत जुना मजकूर राहतो, आणि तुमच्याकडे उत्तर कायम ‘खरं’ येतं. ‘फंक्शन नेहमी यशस्वीच होतं’ या तक्रारीचं मूळ अनेकदा हेच असतं. परतीच्या प्रकारावर यू१ (एक बाइट) असं मार्शलिंग (दोन भाषांमधलं रूपांतर) लिहा.

हँडल (उघडलेल्या पोर्टची विंडोजने दिलेली ओळख). सी शार्पमध्ये इंटपॉइंटर. पायथनचं सीटाइप्स परतीचा प्रकार न सांगितल्यास साधा इंट धरतं आणि ६४ बिटांचं हँडल अर्धं कापतं. प्रत्येक फंक्शनसाठी आर्गटाइप्स आणि रेसटाइप दोन्ही लिहाच.

स्ट्रिंग. पोर्टचं नाव पाठवण्यापुरती स्ट्रिंग ठीक, तीही आन्सी की वाइड (दोन-दोन बाइटांची अक्षरं) हे पाहून. डेल्फीचा पीचार २००९च्या आवृत्तीपूर्वी आन्सी होता, तेव्हापासून वाइड झाला. यंत्राचा डेटा मात्र कधीही स्ट्रिंगमध्ये घेऊ नका, बाइट ॲरे द्या आणि तिची लांबी वेगळी कळवा. पायथनमध्ये बफरचं ‘व्हॅल्यू’ शून्य बाइटपाशी थांबतं. ‘रॉ’ सगळं देतं.

डीएलएल स्वतःच कॅरॅक्टर पॉइंटर परत करत असेल तर सी शार्पमध्ये परतीचा प्रकार स्ट्रिंग लिहू नका. रनटाइम ती जागा स्वतः मोकळी करायला जातो, ती त्याची नसते, आणि प्रोग्रॅम पडतो. इंटपॉइंटर घ्या आणि मजकूर कॉपी करा.

स्ट्रक्चर. एक बाइटची स्थिती, चार बाइटांचं वजन, दोन बाइटांचा क्रमांक: पॅकिंग १ (मध्ये रिकामी जागा न सोडता) असेल तर हे ७ बाइट, नेहमीच्या मांडणीत १२. कोणतं आहे ते हेडरमधल्या प्रॅग्मा पॅकवरून कळतं. हेडर नसेल तर मोठा बफर द्या, तो आधी १७० या आकड्याने भरा, फंक्शन बोलवा आणि कुठले बाइट बदलले ते बघा. मधली भरतीची जागा बहुधा १७०च राहते आणि मांडणी उघडी पडते.

तपासा: पोर्ट न लागणारं एखादं फंक्शन, आवृत्ती सांगणारं किंवा चेकसम काढणारं, दहा हजार वेळा लूपमध्ये बोलवा. प्रत्येक वेळी तेच उत्तर आलं आणि मेमरी वाढली नाही तरच पुढे जा.

## ६. सेटिंगचे आकडे

पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) आणि स्टॉप बिट (बाइट संपल्याची खूण) जुन्या लायब्ररीला आकड्यांत लागतात, आणि नव्या भाषेतले इनम (नावं दिलेले आकडे) थेट टाकायचा मोह होतो. पॅरिटीत तो चालून जातो: विन३२ (विंडोजची मूळ फंक्शनं) आणि डॉट नेट (सी शार्पचं रनटाइम) दोन्हीकडे नाही ०, विषम १, सम २. स्टॉप बिटमध्ये मात्र तोंडघशी पडता. विन३२मध्ये ० म्हणजे एक स्टॉप बिट, १ म्हणजे दीड, २ म्हणजे दोन. डॉट नेटमध्ये १ म्हणजे एक, २ म्हणजे दोन, ३ म्हणजे दीड.

म्हणजे डॉट नेटचं ‘वन’ इंटमध्ये बदलून दिलंत की लायब्ररी दीड स्टॉप बिट मागते. ८ डेटा बिटांबरोबर दीड स्टॉप बिट ही जोडी विंडोज अवैध मानतं, त्यामुळे एरर ८७ मिळाली तर आधी इथे बघा. स्वतःची दोन ओळींची रूपांतर-सारणी लिहा. इनम कास्ट करू नका.

## ७. पोर्ट उघडणं

कॉम१० पासून पुढच्या पोर्टांना नुसतं नाव चालत नाही. आधी दोन उलटे स्लॅश, टिंब, आणखी एक उलटा स्लॅश आणि मग नाव असं द्यावं लागतं. जुन्या लायब्ररीला हे ठाऊक नसतं. ती नुसता क्रमांक घेत असेल तर तुम्हाला उपसर्ग जोडायलाही जागा नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन त्याला ९ पर्यंतचा मोकळा क्रमांक द्या.

डीएलएलइम्पोर्टमध्ये ‘सेट लास्ट एरर’ चालू ठेवा, म्हणजे अपयशाचं कारण कळेल: २ म्हणजे असा पोर्टच नाही, ५ म्हणजे दुसऱ्याने (किंवा तुमच्याच मागच्या न मेलेल्या प्रोसेसने) तो धरून ठेवला आहे.

सावधान: पोर्ट उघडताना डीटीआर आणि आरटीएस (‘मी तयार आहे’, ‘पाठवू का’ सांगणाऱ्या तारा) वर जातात की खाली राहतात हे लायब्ररीगणिक वेगळं. काही अर्डुइनो बोर्ड डीटीआर बदलला की रीसेट होतात आणि पुढचे एक-दोन सेकंद काही ऐकत नाहीत. काही जुनी यंत्रं उलट डीटीआर चालू असल्याशिवाय बोलतच नाहीत.

## ८. लूपबॅकवर २५६ बाइट

यंत्र अजून जोडायचं नाही. पॅकेट न बांधता कच्चे बाइट पाठवणारी फंक्शनं डीएलएलमध्ये असतील तर लूपबॅक प्लग लावा, ० ते २५५ हे सगळे बाइट क्रमाने पाठवा आणि परत आलेले त्याच क्रमाने छापा. कुठे मोडलं यावरून कारण जवळजवळ ठरतं:

- पहिल्याच बाइटला थांबलं किंवा रिकामं आलं: कुठेतरी शून्यापाशी संपणारी स्ट्रिंग शिरली आहे.
- फक्त ० गायब, बाकी सगळं ठीक: शून्य बाइट टाकून देण्याचा पर्याय चालू आहे.
- १७ येत नाही आणि १९ नंतर सगळं ठप्प: सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल चालू आहे. १९ म्हणजे ‘थांब’ असं ड्रायव्हरने घेतलं.
- १३ च्या जागी १० आलं: पोर्ट मजकूर मोडमध्ये आहे. लिनक्सवर हे हमखास.
- १२८ च्या जागी ०, १२९ च्या जागी १: ७ डेटा बिट लागले आहेत.
- १२८ पासून पुढे सगळे ६३: मध्ये ॲस्की एन्कोडिंग आहे; ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह. डॉट नेटच्या सीरियलपोर्टचं मूळ एन्कोडिंग ॲस्कीच असतं, म्हणून डीएलएल टाळून तो क्लास वापरणाऱ्यांनाही हे भोवतं.

२५६ पैकी २५६ जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. मात्र लूपबॅक पास झाला म्हणजे बॉड रेट बरोबर आहे असं नाही. पाठवणारा आणि घेणारा पोर्ट एकच, त्यामुळे चुकीचा बॉड रेटही दोन्हीकडे सारखाच असतो.

डीएलएल फक्त ‘वजन वाच’ छापाच्या आज्ञा देत असेल तर आभासी जोडीच्या दुसऱ्या टोकाला नोंदवून ठेवलेली उत्तरं पाठवणारा छोटा प्रोग्रॅम बसवा आणि डीएलएलने पाठवलेले बाइट मूळ नोंदीशी ताडून पाहा.

## ९. यंत्र आणि टाइमआउट

आता यंत्र जोडा. टाइमआउट हिशोबाने ठरवा. ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट: एका बाइटला १० बिट, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. ४० बाइटांचं उत्तर यायला सुमारे ४२ मिलिसेकंद नुसते तारेवर जातात, त्यात यंत्राचा विचार करण्याचा वेळ मिळवा.

जुन्या लायब्ररी मदरबोर्डवरच्या पोर्टवर बेतलेल्या असतात. दोन बाइटांमध्ये १० मिलिसेकंदांचं अंतर पडलं की पॅकेट संपलं, असं गृहीत धरणाऱ्या बऱ्याच आहेत. यूएसबी कन्व्हर्टर बाइट गठ्ठ्याने देतो. एफटीडीआय कंपनीच्या कन्व्हर्टर-चिपच्या ड्रायव्हरमध्ये लेटन्सी टायमर (गठ्ठा भरायची वाट पाहण्याचा वेळ) मुळात १६ मिलिसेकंदांचा असतो. पॅकेट मधूनच तुटतं, चेकसम चुकतो, आणि तेही कधीकधीच. प्रगत सेटिंगमध्ये तो टायमर १ किंवा २ वर आणा. लायब्ररीत अंतराची मर्यादा बदलता येत असेल तर तीही वाढवा.

## १०. थ्रेड आणि कॉलबॅक

लायब्ररीचे सगळे कॉल एकाच राखीव थ्रेडवरून करा, बाकीच्यांनी रांगेत विनंती टाकावी. साध्या, ओव्हरलॅप नसलेल्या पद्धतीने उघडलेल्या हँडलवर एक थ्रेड वाचत अडकला असेल तर दुसऱ्याचं लिहिणंही खोळंबतं. सी शार्पमध्ये अवेटनंतर थ्रेड बदलू शकतो, आणि सीटाइप्स कॉलच्या वेळी पायथनचं कुलूप सोडतं, त्यामुळे ‘पायथनमध्ये एका वेळी एकच थ्रेड चालतो’ या भरवशावर इथे राहू नका.

कॉलबॅक (डीएलएलने उलट बोलवायचं तुमचं फंक्शन) देताना डेलिगेट (सी शार्पमधला फंक्शनचा संदर्भ) एखाद्या फील्डमध्ये जपून ठेवा. जागेवरच तयार करून दिलेला डेलिगेट गार्बेज कलेक्टर (वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारा) उचलतो आणि प्रोग्रॅम दहा मिनिटांनी, कुठलंच कारण न देता पडतो. पायथनमध्येही तेच: कॉलबॅकचा ऑब्जेक्ट एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. डेलिगेटचं कॉलिंग कन्व्हेन्शन वेगळं लिहावं लागतं. कॉलबॅकमध्ये फक्त बाइट कॉपी करून रांगेत टाका. स्क्रीनला हात लावू नका आणि एक्सेप्शन बाहेर निसटू देऊ नका.

डेल्फी-बोर्लंडच्या ३२ बिटांच्या डीएलएलचं एक वेगळंच लफडं आहे. लोड होताना ती दशांश गणिताच्या युनिटचं कंट्रोल वर्ड बदलते आणि मग पोर्टशी काडीचा संबंध नसलेल्या ठिकाणी, विशेषतः डब्ल्यूपीएफच्या (डॉट नेटमधली स्क्रीन बनवायची लायब्ररी) खिडक्यांत, अंकगणिताची एक्सेप्शन येऊ लागतात. डीएलएल लोड झाल्यावर त्याच थ्रेडवर सी रनटाइममधलं एफपी-रीसेट फंक्शन बोलावलं की हे थांबतं.

## ११. बंद करणं आणि दुसऱ्या मशीनवर नेणं

क्रम पाळा: आधी नव्या विनंत्या थांबवा, मग कॉलबॅकची नोंद काढा, चालू वाचन संपेपर्यंत थांबा, पोर्ट बंद करा, आणि त्यानंतरच डेलिगेट सोडा. हे फायनली ब्लॉकमध्ये असू द्या. पोर्ट बंद करताना प्रोग्रॅम गोठत असेल तर बहुधा एखादा कॉलबॅक स्क्रीनच्या थ्रेडची वाट पाहतोय आणि तो थ्रेड पोर्ट बंद होण्याची.

तपासा: पोर्ट शंभर वेळा उघडून बंद करा. मधेच यूएसबी उपटा, पुन्हा लावा, आणि प्रोग्रॅम न थांबवता पोर्ट परत उघडतो का ते बघा. न उघडल्यास डीएलएल तुटलेलं हँडल सोडत नाही असं समजा; अशा लायब्ररीला तिसऱ्या टप्प्यातला मदतनीस प्रोग्रॅमच हवा, कारण तो मारून पुन्हा सुरू करता येतो.

नेताना डीएलएल प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये ठेवा, सिस्टमच्या फोल्डरमध्ये नाही. तिथे त्याच नावाची दुसरी आवृत्ती आधीच पडलेली असू शकते. डंपबिनने दिलेल्या यादीतला रनटाइम सोबत न्या. रनटाइमच्या नावाच्या शेवटी ‘डी’ असेल तर ती डीबग आवृत्ती आहे. ती व्हिज्युअल स्टुडिओ नसलेल्या मशीनवर नसते आणि वाटायलाही परवानगी नाही, तेव्हा डीएलएलची रिलीज आवृत्तीच शोधावी लागेल. चाचणी अशा मशीनवर घ्या जिथे विकासाची कुठलीच साधनं बसवलेली नाहीत.